फुकटच्या रेडिओचा खर्च

क्रिस्टल रेडिओला वीज लागत नाही, सेल लागत नाही आणि बिघडावं असं त्याच्या पोटात फारसं काही नसतं. गुंडाळलेली तार, एक गँग कंडेन्सर, एक डायोड आणि कानाला लावायचा हेडफोन, बस्स. आकाशवाणीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी छपरावरच्या एरिअलमध्ये शिरतात आणि त्यांच्याच जोरावर कानाशी गाणं वाजतं. म्हणजे गाणं फुकट, आणि ते वाजवायला लागणारी ताकदही फुकट, तीसुद्धा सरकारी. कंजूष माणसासाठी विज्ञानाने याहून चांगलं काही केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या भाऊजींनी या फुकटच्या रेडिओत आजवर किती पैसे घातले, ते ताईला माहीत नाही. मला माहीत आहे, पण त्या घरी मला अजून जेवायला जायचं असतं.

भाऊजी कळमेश्वरला राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाले, पण गावासाठी अजून 'सर'च. कळमेश्वर म्हणजे नागपूरहून काटोल रोडने वीसेक किलोमीटर. एका अंगाला संत्र्याचे बगीचे, एका अंगाला एमआयडीसी, आणि मधून दिल्ली-चेन्नईची रेल्वे लाइन. रिटायर माणसाने इथे काय करावं ते ठरलेलं आहे. धापेवाड्याला विठोबाचं दर्शन, अदाशाला गणपतीचं, संध्याकाळी स्टेशनाकडे एक फेरी आणि संत्र्याच्या भावावर कोणी न मागितलेलं मत. भाऊजी हे सगळं मन लावून करतात. उरलेल्या वेळात ते जुने हेडफोन जमवतात.

रेडिओ एक आणि हेडफोन इतके कशाला, असं नवखा माणूस विचारतो आणि फसतो. कारण मग भाऊजी त्याला बसवतात. क्रिस्टल रेडिओत आवाज मोठा करणारं काहीच नसतं. एरिअलमधून जेवढं आलं तेवढंच कानात पडणार, आणि ते इतकं थोडं असतं की वॅटचा अब्जावा भागसुद्धा 'बऱ्यापैकी' म्हणायचा. आता यावर मोबाइलचा 32 ओहमचा हेडफोन लावणं म्हणजे ठिबकच्या नळीला चार इंची पाइप जोडून बगीचा भिजवायला निघणं. नळीतलं पाणी पाइपाच्या तळालाच जिरतं. जुना हेडफोन दोन हजार, चार हजार ओहमचा असतो. त्याच्या पोटात लोहचुंबक, चुंबकाच्या टोकांवर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि त्यावर लोखंडी पत्र्याची पातळ चकती. करंट नावापुरता आला तरी इतक्या वेढ्यांमधून फिरताना चकती हलवण्यापुरतं बळ गोळा करतो. असे हेडफोन आता कोणी रोजच्या वापरासाठी बनवत नाही, म्हणून जुने शोधावे लागतात. शोधावे लागतात म्हणून जमवावे लागतात. पहिलं वाक्य विज्ञानाचं आणि दुसरं व्यसनाचं, हे भाऊजींच्या सुरात कुठेच कळत नाही.

त्यांच्या बैठकीत काचेची शोकेस आहे. पूर्वी तिच्यात विज्ञान प्रदर्शनांच्या ढाली आणि ताईचा लग्नातला टी-सेट होता. दोन्ही आता दिवाणाच्या पेटीत गेले. शोकेसमध्ये काळ्या बॅकेलाइटच्या टोप्या, कापडी वेणीच्या वायरी आणि स्टीलच्या दुहेरी पट्ट्या ओळीने टांगलेल्या आहेत. काहींच्या वायरीत एक लाल धागा विणलेला असतो. तो प्लसची बाजू ओळखायला, कारण करंट उलटा गेला तर चुंबक हळूहळू कमजोर होतं. पाहुण्याला हा लाल धागा दाखवल्याशिवाय त्या घरात चहा येत नाही.

ओळख करून देताना भाऊजी कंपनीचं नाव नंतर सांगतात, आधी ओहम. "हा दोन हजारचा. हा चार हजारचा." पाहुण्यांना ते रुपये वाटतात आणि ते माना डोलावतात. ताईलाही पहिल्यापासून ते रुपयेच वाटत आले आहेत, आणि इथे भाऊजींच्या स्वभावातलं एक सूक्ष्म वळण दिसतं. ते खोटं बोलत नाहीत. पार्सल आलं की ताई विचारते, "कितीचा घेतला?" हेडफोन सात हजाराचा असला तरी भाऊजी शांतपणे म्हणतात, "दोन हजारचा." दोन हजारच असतो तो, मीटर लावून पाहा. आजवर मोठ्या हुद्द्यांवरच्या अनेक माणसांचे खुलासे वाचले, पण इतका निर्दोष खुलासा माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

स्टीलच्या त्या दुहेरी पट्ट्यांना एक वाईट खोड आहे. डोक्यावरचे केस त्यांच्या फटीत अडकतात आणि हेडफोन उतरवताना मुळासकट येतात. ताईने एकदा कुतूहलाने लावून पाहिला होता. तिचं या विषयावरचं मत त्या दिवशी कायम झालं. भाऊजींना ही अडचण नाही. टक्कल पडल्यापासून त्यांच्या छंदाला बहर आला, असं मी केवळ निरीक्षण म्हणून नोंदवतो.

या छंदाला देशी पाया आहे, हे भाऊजी प्रत्येकाला ठणकावून सांगतात, आणि ते खरंच आहे. बिनतारी लहरी ओळखण्यासाठी गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा, खडा वापरण्याचं अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोसांच्या नावावर आहे. अर्ज 1901चा, मंजुरी 1904ची. पुढे जगभर लाखो लोकांनी याच खड्यावर बारीक तार टेकवून गाणी ऐकली. तारेचं टोक खड्यावर फिरवत राहायचं, कुठेतरी एक नेमकी जागा सापडते आणि आवाज येतो. कोणी दार आपटलं की जागा गेली. नंतर जर्मेनियमचा डायोड आला आणि ही शोधाशोध संपली. आपल्याकडे शाळकरी पोरांनी ओए 79 लावून किती सेट बनवले असतील त्याला गणती नाही. भाऊजींकडे डायोडची डबी भरलेली आहे, तरी सणासुदीला ते गॅलेनाचा खडा काढतात. तार फिरवत फिरवत मोठ्या मुश्किलीने जागा सापडवतात, आणि तेवढ्यात इटारसीकडून कोळशाची मालगाडी येते. घर थोडं थरथरतं. बोसांचं पेटंट आणि मध्य रेल्वे यांचं कळमेश्वरात अजून जमलेलं नाही.

हेडफोन मिळवायला भाऊजी मला घेऊन नागपूरच्या कबाड्यांकडे जातात. जुनी वस्तू हवी आहे असं चेहऱ्यावर दिसलं की भाव दुप्पट होतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलंय. म्हणून ते आधी टेबलफॅनचा भाव विचारतात. मग इस्त्रीचा. मग एका पितळी नळाकडे बराच वेळ पाहतात. शेवटी बुटाच्या टोकाने हेडफोन किंचित सरकवून, "आणि हे काय पडलं आहे इथं?" हे नाटक इतकी वर्षं चाललंय की आता कबाडीच त्यांना प्रॉम्प्टिंग करतो. "सर, पंख्याचा भाव कायले पुसता? हेडफोन आतल्या पोत्यात ठेवला तुमच्यासाठी. अँटिक हाय तो." अँटिक हा शब्द कबाड्याच्या तोंडी आला की भाऊजींचा चेहरा उतरतो. वस्तू जुनी आहे म्हणून ते आलेले असतात, पण ती जुनी असल्याचं विकणाऱ्याला कळू नये, ही सगळ्याच संग्राहकांची माफक अपेक्षा.

मग परीक्षा. मल्टिमीटर खिशात असतोच, पण भाऊजींचा जास्त विश्वास जिभेवर. हेडफोन कानाला लावायचा, वायरीची एक पिन जिभेवर ठेवायची आणि दुसरी तराजूच्या लोखंडी पारड्यावर घासायची. पारड्याला दुसऱ्या हाताचा ओला अंगठा लागलेला असतो. दोन वेगळ्या धातूंमध्ये ओल आली की नगण्य वीज तयार होते, आणि हेडफोन चांगला असेल तर तेवढ्यावर तो कानात खर्रर्र करून सांगतो. ही चाचणी पूर्ण शास्त्रीय आहे. दिसते मात्र तशी नाही. इतवारीच्या भर गर्दीत साठी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ कानाला काळे डबे लावून, तोंडात वायर धरून, डोळे मिटून तराजू खरवडतोय, हे पाहून लोक थांबतात. एकदा कबाड्याच्या पोऱ्याने आतून हाक दिली, "बाबा, सरांले भूक लागली असन, तर्री-पोहे सांगू काय?"

पसंत पडला की तिथेच टोपी फिरवून चकती तपासतात. चकती उचकटायची नसते, बोटाने एका कडेला सरकवत न्यायची असते. ओढून काढली की वाकते आणि वाकलेली चकती चुंबकाला चिकटून बसते. हे काम करताना भाऊजींच्या हातात जी हळुवारता येते, तिच्याबद्दल ताईने एकदा माझ्याकडे दोन वाक्यं बोलून दाखवली. ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

मिलिटरीचा माल हे वेगळं प्रकरण. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सैन्याचे डीएलआर नंबर 5 नावाचे हेडफोन डिस्पोजलमध्ये निघाले. ते कमी ओहमचे असतात, मध्ये ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, पण लावला की फार तिखट ऐकू येतात. कामठीची छावणी 1821पासूनची. तेव्हा कामठीच्या प्रत्येक माळ्यावर एक तरी जोडी पडलेली असणार, असा भाऊजींचा सिद्धान्त आहे. कामठीतल्या नातेवाइकांकडे ते लग्नाला, बारशाला, तेरवीला न चुकता जातात. तेरवीला गेल्यावर "बाबांचं काही जुनं सामान?" असं विचारण्याची एक वेळ असते. ती वेळ अजून त्यांना सापडलेली नाही.

आणि सगळ्यांच्या वर बाल्डविन. नॅथॅनिअल बाल्डविन हा अमेरिकेतल्या युटाहचा माणूस. 1910मध्ये त्याने अमेरिकी नौदलाला एक पत्र पाठवलं, जांभळ्या शाईने, रंगीत कागदावर. सोबत चाचणीसाठी स्वतः बनवलेले हेडफोन. असं पत्र सरकारी कचेरीत आलं तर त्याचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पण तिथल्या अधिकाऱ्याने ते हेडफोन लावून पाहिले आणि नौदलाकडच्या सगळ्या हेडफोनांपेक्षा ते चांगले निघाले. नौदलाने मागणी नोंदवली. बाल्डविनने कळवलं की एका वेळी दहाच्या वर जमणार नाहीत, कारण तो ते घरी, स्वयंपाकघरात बनवतो. त्याची करामत अशी की चुंबक थेट चकतीला ओढत नव्हतं. मधोमध तोललेली एक लोखंडी पट्टी डोलायची आणि ती अभ्रकाची चकती हलवायची. शंभर वर्षं उलटून गेली, तरी क्रिस्टल सेटवाले हे नाव अजून अदबीने घेतात.

ही कथा भाऊजींनी ताईला मोठ्या आशेने सांगितली होती. रोख कशावर होता हे उघड आहे; सोल्डरिंगला ओट्याइतकी सोयीची जागा घरात दुसरी नाही. ताई पोळी लाटत ऐकत होती.

"मग पुढं काय झालं त्याचं?"

"मोठा कारखाना काढला त्यानं."

"आणि मग?"

भाऊजी सत्यवचनी. "मग 1924 मध्ये दिवाळं निघालं. नंतर तुरुंगातही गेला, पण ते वेगळ्या प्रकरणात."

"बघा," ताई म्हणाली, आणि पुढची पोळी घेतली.

हेडफोनांची आणखी एक जात आहे, तिला चुंबक नसतं. आत रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो. विजेचा दाब बदलला की तो किंचित वाकतो आणि आवाज होतो. फार नाजूक, फार संवेदनशील. या रोशेल सॉल्टचा पूर्वेतिहास भाऊजी पाहुण्यांसमोर सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या एका औषधवाल्याने ते तयार केलं, आणि पुढची कित्येक वर्षं त्याचा मुख्य उपयोग पोट साफ करण्याकडे होता. ते ओलीने विरघळतं, फार कोरड्या हवेत भुकटी होतं आणि 55 अंशाच्या आसपास कायमचं खलास होतं. म्हणजे आमच्याकडे याला पावसाळा सोसत नाही, मे महिना सोसत नाही. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवायची सोय नाही. भाऊजींनी असे दोन नग मोठ्या किमतीला घेतले आणि उन्हाळ्यात ते फ्रिजमध्ये ठेवू लागले, लोणच्याच्या मागे. तिथली ओल लागू नये म्हणून हवाबंद डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसह. ताईने डब्यावर चिठ्ठी लावली आहे : 'हे खायचं नाही'. इतिहास पाहता हा इशारा उलट्या बाजूनेही बरोबर आहे.

एरिअल घरापासून मागच्या कडुनिंबापर्यंत जातं. तारेचा कळमेश्वरला पहिला लाभ झाला तो पोरांना. संक्रांतीच्या दिवसांत 'ओ काऽऽट' झालं की कटलेली पतंग हमखास त्या तारेत अडकते आणि गल्लीतली पोट्टी काठ्या घेऊन हजर. तारेच्या लांबीमुळे रेडिओच्या आवाजात किती फरक पडला ते भाऊजींनी वहीत लिहून ठेवलंय. पतंगांचा हिशेब पोरांकडे आहे. उन्हाळ्यात वानरं येतात आणि तार ही आपल्या सोयीसाठी बांधली आहे असं समजून झोके घेतात.

अर्थिंगसाठी अंगणातल्या बोअरच्या केसिंग पाइपाला क्लॅम्प मारलाय आणि शिवाय एक तांब्याची कांब पुरलीय. अर्थ जितकी ओली तितका आवाज चांगला. त्यामुळे मे महिन्यात, पाण्याची मारामार असताना, संध्याकाळी भाऊजी बादलीभर पाणी त्या कांबेच्या बुडाशी ओततात. शेजारणीने ताईला विचारलं, "सर कोणतं झाड लावून राहिले तिथं?" ताईने सांगितलं, "संत्र्याचं आहे. उगवते का पाहून राहिले."

पण एवढं सगळं करून ऐकायचं काय, इथे कळमेश्वरची खरी अडचण सुरू होते. ती अडचण म्हणजे नागपूर.

क्रिस्टल सेटची हौस मुळात दूरच्या माणसाची. 23 जुलै 1927ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, तेव्हा त्याचा ट्रान्समीटर दीड किलोवॉटचा होता आणि क्रिस्टल सेटवर तो साधारण तीस मैलांपर्यंत ऐकू यायचा. कल्याणच्या माणसाने कान टवकारून बसावं आणि जेमतेम एखादी तान हाती लागावी, अशी ती कमाई. कळमेश्वरच्या वाट्याला त्या काळात मुंबई आलीच नाही. ही तक्रार विदर्भात इतर बऱ्याच बाबतींत अजून ऐकू येते. मग 16 जुलै 1948ला आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. पुढे राजधानी गेली, केंद्र राहिलं आणि मोठं होत होत 300 किलोवॉटचं झालं. 512.8 मीटर, म्हणजेच 585 किलोहर्ट्झ.

वीस किलोमीटरवरून 300 किलोवॉट म्हणजे कसला शोध आणि कसली संवेदनशीलता! कोणताही हेडफोन लावा, नागपूर येतं. कंडेन्सर या टोकाला फिरवा, नागपूर. त्या टोकाला फिरवा, तिथेही मागे नागपूर बोलतच असतं. कळमेश्वरच्या माणसाला दवाखान्याला नागपूर, बस्त्याला नागपूर, कॉलेजला नागपूर. निदान रात्री कानाला तरी दुसरं गाव लागावं, तर तिथेही नागपूर आडवं. त्यात 1988च्या मे महिन्यात राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू झाली, ती 1000 किलोवॉटच्या ट्रान्समीटरवरून, 1566 किलोहर्ट्झवर, आणि देशाच्या मध्यभागी म्हणून तो ट्रान्समीटरही नागपूरचाच. भाऊजींची हौस तेव्हा नवी होती. मीडियम वेव्हच्या या टोकाला नागपूर, त्या टोकाला नागपूर आणि मधल्या फटीत उरलेला भारत. राष्ट्रीय सेवा पुढे बंद झाली त्या दिवशी एवढा देशभक्त माणूस मनातून थोडा सुखावला होता.

हौस लागल्यापासून भाऊजींचं आयुष्य नागपूर ऐकण्यात गेलेलं नाही, नागपूर पुसण्यात गेलं आहे. त्यासाठी एरिअलच्या वाटेत आणखी एक कॉइल आणि कंडेन्सर बसवतात, त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. तो 585वर अडवून धरतो. ट्रॅप नीट बसला की नागपूर बारीक होतं आणि मध्यरात्रीनंतर, आकाशाची कृपा असेल तर, 1071वर राजकोट येतं. तिथेही 1000 किलोवॉट आहेत, पण ते लांबचे असल्यामुळे भाऊजींना त्यांच्याबद्दल आदर. त्यांची मोठी महत्त्वाकांक्षा मात्र वेगळी होती. कोलकात्याजवळ चिनसुऱ्याचा 1000 किलोवॉटचा ट्रान्समीटर 594वर होता. आपल्याकडे मीडियम वेव्हवर दोन केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात, म्हणजे 594 ही 585ची सख्खी शेजारीण. खांद्यावर 300 किलोवॉटचं नागपूर बसलेलं असताना क्रिस्टल सेटवर 594 काढणं जवळजवळ अशक्य होतं. ते शक्य व्हावं म्हणून आणखी संवेदनशील हेडफोन हवा होता. शोकेसमधली खालची ओळ या एका कारणासाठी भरलेली आहे.

रात्रीची बैठक पाहण्यासारखी असते. आधी ट्यूबलाइट बंद, ती गुणगुणते. एलईडी बंद, तो रेडिओवर खरखर टाकतो. मोबाइलचे चार्जर काढायचे. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की ऐकू येतो, म्हणून फ्रिज बंद, म्हणजे पाठोपाठ रोशेल सॉल्टची काळजी. शेवटी पंखाही बंद. क्रिस्टल रेडिओला वीज लागत नाही हे खरंच. पण घरातल्या दुसऱ्या कोणालाही ती लागू नये, अशी त्याची अपेक्षा असते. एप्रिल-मे मध्ये ताई गादी घेऊन गच्चीवर जाते. तिथे तिला वरून एरिअल दिसतं, आणि एरिअलबद्दलचं तिचं मत ती वरूनच सांगते. खाली भाऊजी रेल्वेचं टाइमटेबल समोर ठेवून दोन गाड्यांच्या मधल्या शांततेची वाट पाहत बसलेले.

सकाळी मी विचारतो, "काय लागलं होतं भाऊजी?"

"राजकोट होतं. काय साफ आवाज, बापू! श्वास घेतलेला आइकू येत होता."

"पण कार्यक्रम कोणता होता?"

यावर ते माझ्याकडे दयेने पाहतात. कार्यक्रम ऐकण्यासाठी रेडिओ असतो हा समज त्यांनी कधीच मागे टाकलाय. कापसाचे भाव असोत की शास्त्रीय गायन, भाऊजी फक्त हेडफोन ऐकतात.

पाहुण्यांची परीक्षा वेगळीच. चहा झाला की त्यांच्या डोक्यावर चार हजारचा चढवला जातो. बैठकीत सगळे गप्प. भाऊजी भुवया उंचावून विचारतात, "येते का?" आता खरं तर दिवसा आपल्याकडे नागपूर हमखास येतं, पण ऐकणाऱ्याला काय ऐकायचं हे माहीत नसतं आणि आवाज फ्रिजच्या आवाजाहून लहान. तरी नाही म्हणणार कसं? "हो हो, येते नं! मस्त येते!" असं सगळेच म्हणतात. माझ्या एका चुलतभावाने तर गाणं ओळखूनही दाखवलं. त्या वेळी एरिअलची पिन अजून खोचायची होती. भाऊजींनी त्याला काही बोलून दाखवलं नाही, पण त्यानंतर त्याला लग्नपत्रिका देताना ते 'सहकुटुंब' लिहीत नाहीत.

दरम्यान मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर देशभर एकेक करून मिटताहेत. क्रिस्टल सेटवर एफएम नीट घेता येत नाही. ऐकण्यासारखं कमी होत जातंय आणि हेडफोनचे भाव चढत जाताहेत. अर्थशास्त्राच्या कोणत्या नियमात हे बसतं ते भाऊजींना विचारलं तर ते म्हणतात, "आता घेऊन ठेवले पाहिजे बापू, पुढं भेटणार नाहीत."

ताईची तक्रार वेगळीच होती. "दूध उतू गेलं, शिटी झाली, दारात माणूस उभा राहून हाका मारते, यांना आइकू येत नाही. आणि रात्री अडीच वाजता राजकोट आइकू येते म्हणतात. कान दाखवून आणू एकदा." बरीच टाळाटाळ झाल्यावर आम्ही तिघं नागपूरला धंतोलीत एका कानाच्या दवाखान्यात गेलो.

तपासणीची खोली म्हणजे आवाज आत येऊ न देणारी लाकडी केबिन, भिंतींना भोकाभोकांचे बोर्ड. भाऊजी आत गेले, दार लागलं, आणि काचेतून मला त्यांचा चेहरा दिसला. इतकी वर्षं फ्रिज, पंखे आणि मालगाड्यांशी भांडून जे मिळालं नाही ते इथे तयार ठेवलं होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, हे रात्री उघडं असते का?"

मॅडम तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी भाऊजींच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. "काका, बारीकशी शिटी ऐकू आली की बटण दाबायचं." शिट्या सुरू झाल्या. भाऊजी बटण दाबेनात. त्यांनी हेडफोन काढून उलटा केला होता आणि चष्मा कपाळावर सरकवून आतलं लेबल वाचत होते. मॅडमनी काचेवर टकटक केलं. भाऊजी आनंदाने म्हणाले, "टीडीएच 39 आहे नं हा? फक्त ऐकलं होतं याच्याबद्दल!"

दुसऱ्यांदा नीट तपासणी झाली. आलेख निघाला. डाव्या कानाची रेघ बरीच खाली घसरली होती.

"हेडफोनची डावी बाजू वीक असन," भाऊजी म्हणाले. "अदलाबदल करून पाहा." मॅडमनी कदाचित पहिल्यांदाच एखाद्या पेशंटचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर म्हणून मान्य केलं, आणि डावा डबा उजव्या कानाला लावून पुन्हा शिट्या दिल्या. हेडफोन ठणठणीत होता.

मग श्रवणयंत्राची गोष्ट निघाली. ताई खर्चाला तयार होती. तिने तर पर्सही उघडली. भाऊजींनी यंत्र हातात घेऊन निरखलं, खालचं झाकण नखाने उघडलं आणि आत बारीकसा सेल पाहून मिटवून परत ठेवलं. "याला सेल लागते," ते मला म्हणाले. त्या स्वरात जी निराशा होती ती मॅडमना समजण्यासारखी नव्हती.

"काका, सगळ्यांनाच लागतो."

"असू द्या. मॅडम, एक विचारू का? ही मशीन तुम्ही कधी बदलवली, तर जुन्या हेडफोनचं काय करता? याला ट्रान्सफॉर्मर लावावा लागन, पण ते मी पाहून घेतो."

मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या. मी आलेख पाहू लागलो. ताई पर्समध्ये पैसे मोजत होती, तिने मान वर न करता विचारलं, "कितीचा आहे तो?"

टीडीएच 39 दहा ओहमचा असतो.

"दहाचा," भाऊजी म्हणाले.

"दहाच रुपये?" ताई म्हणाली. "मग देत असतील तर दोन घ्या."